मुदत ठेवीवाल्यांच्या बाजूने, लीड्सहून

पुण्यातला माझा भाचा सध्या घरातल्या प्रत्येक ज्येष्ठाला मुदत ठेवी मोडायला सांगत सुटला आहे. “आबा, व्याजातून कर वजा करा, महागाई वजा करा, हातात काय उरतं ते बघा,” हे त्याचे वाक्य आता घरात सगळ्यांना पाठ झाले आहे. गणित चुकीचे नाही. मला खटकतो तो सूर. मुदत ठेव म्हणजे अडाणीपणा आणि एसआयपी, म्हणजे म्युच्युअल फंडात दरमहा ठरावीक रक्कम गुंतवणे, हे शहाणपण असा निकाल देऊन तो मोकळा होतो आणि वर साक्षीला मलाच उभे करतो: “आत्याला विचारा, तिकडे सगळे मार्केटमध्येच असतात.”

असतात खरे, पण त्यांतल्या फारच थोड्यांनी ते ठरवून केलेले आहे. इथे ब्रिटनमध्ये २०१२ पासून टप्प्याटप्प्याने लागू झालेल्या कायद्यामुळे नोकरदाराचे नाव पेन्शन योजनेत आपोआप घातले जाते, ठरावीक कमाईच्या किमान ८ टक्के रक्कम तिकडे वळते, त्यातले ३ टक्के मालक भरतो, आणि नको असेल तर आपण होऊन बाहेर पडावे लागते. माझ्या शेजारच्या टेबलावरच्या बाईंना आपले पैसे कोणत्या फंडात आहेत हे सांगता येणार नाही. पेस्लिपवरची ती ओळ त्या वाचतही नाहीत. जिथे निवड स्वतः करायची असते तिथे हीच मंडळी कॅश आयसा, म्हणजे करमुक्त व्याजाचे बचत खाते, गाठतात. त्यांनी शेअरबाजाराकडे वळावे म्हणून अर्थमंत्री रेचल रीव्ह्ज यांनी नोव्हेंबर २०२५ च्या अर्थसंकल्पात पासष्टीच्या आतल्यांसाठी कॅश आयसाची वार्षिक मर्यादा एप्रिल २०२७ पासून २० हजारांवरून १२ हजार पौंडांवर आणण्याचे जाहीर केले. म्हणजे बँकेत पैसे ठेवून निर्धास्त झोपणारा माणूस आमच्या सांगलीतच राहतो असे नाही.

आता आबांकडे, म्हणजे माझ्या वडिलांकडे, पाहू. ते साखर कारखान्यातून निवृत्त झाले. त्यांना ईपीएस-९५ ची, म्हणजे भविष्य निर्वाह निधीशी जोडलेल्या योजनेची, पेन्शन मिळते, जिची किमान रक्कम २०१४ साली महिना १,००० रुपये ठरली. आबांना त्याहून थोडी जास्त मिळते, पण औषधांच्या दुकानात तीही पुरत नाही. आईला मिरजेच्या इस्पितळात नेले त्या रात्री खिडकीवरच्या मुलाने कागदपत्रांच्या आधी अनामत रक्कम मागितली, आणि ती उभी राहिली ती ठेवीच्या पावतीवर काढलेल्या कर्जातून. २०२० च्या जानेवारी ते मार्चमध्ये सेन्सेक्स एक तृतीयांशाहून अधिक कोसळला होता. त्या पडझडीतच ती खिडकी समोर आली असती तर “दीर्घ मुदतीत सगळं भरून निघतं” हे वाक्य तिथे चालले नसते. लीड्सच्या इस्पितळात मला अशी खिडकी अजून भेटलेली नाही, म्हणूनच माझा फंड पडला तरी मी चहा पिऊ शकते. जोखीम घेण्याची ऐपत ही हिमतीपेक्षा पायाखालच्या जमिनीवर अवलंबून असते, हे भाच्याच्या कॅल्क्युलेटरमध्ये कुठेच भरता येत नाही.

त्याचे काही मुद्दे मला मान्य आहेत. विमा आणि बचत यांची खिचडी करणाऱ्या पॉलिसी आबांनी घ्यायला नको होत्या. बँकही अभेद्य नसते: २०१९ मध्ये पीएमसी बँकेच्या खातेदारांना सुरुवातीला फक्त १,००० रुपये काढता येत होते, आणि ठेवींचे विमासंरक्षण १ लाखावरून ५ लाखांवर गेले ते त्यानंतर, २०२० मध्ये. आबांनी ठेवी तीन बँकांत विभागल्या आहेत, आणि त्यासाठी त्यांना कोणत्याही रीलची गरज पडली नाही.

माझीही सांगलीत एक एनआरई ठेव, म्हणजे अनिवासी भारतीयांसाठीची रुपयांतली ठेव, आहे. तिचे व्याज इथल्या करखात्याला दाखवावे लागते, आणि सप्टेंबर २०२२ मध्ये नव्वद रुपयांच्या खाली गेलेला पौंड २०२५ मध्ये एकशे पंधराच्या पुढे गेल्यावर तिचे पौंडातले मोल किती घटले ते मी मुद्दामच काढून पाहिले नाही. ती मोडून इथल्या आयसात टाकणे हाच व्यवहार, हे मलाही कळते. पण घर भावाच्या नावावर आहे, रेशनकार्डावरून माझे नाव केव्हाच कमी झाले, आणि ही ठेव गेली तर त्या गावात माझ्या नावाचा एकही कागद उरत नाही. म्हणून दरवर्षी मी तिचे नूतनीकरण करते. भाचा म्हणतो, “तुला परवडतं गं आत्या, तुझं म्हातारपण पौंडात आहे.” त्यावर माझ्याकडे उत्तर नाही, फक्त हेच वाक्य त्याने आबांची ठेव मोडायला निघण्याआधी स्वतःलाही ऐकवावे.