रुतलेला ट्रॅक्टर फास्ट

सांगलीत ‘फास्ट’ कुणाला शिकवावा लागत नाही. रिक्षावाल्याला येतो, बोलराला येतो, मोबाइलच्या दुकानातल्या पोराला तर झोपेतही येतो. छळ आहे तो इथंच. येणाऱ्याला शिकवायचं!

उसाचा ट्रॅक्टर चिखलात रुतला, पुढं सरकेना की मागं सरकेना. इंग्रजीत तो ‘स्टक फास्ट’. कृष्णेत होड्यांची शर्यत रंगात आलेली असताना काठावरून कुणी ‘मेक द बोट फास्ट!’ असं ओरडलं, तर पक्का इंग्रज खलाशी होडी काठाला बांधून मोकळा होईल. आणि भाषेच्या हिशेबानं त्याचंच बरोबर.

कारण मूळ अर्थच घट्ट, पक्का. वेग मागाहून आला. मला विचाराल तर आपला ‘जोरात’ आठवावा. दोर जोरात धर, अन् जोरात पळ. एकात जागा सोडायची नाही, दुसऱ्यात थांबायचं नाही.

‘कलर फास्ट आहे’ असं कापडवाला म्हणतो, तो हाच जुना अर्थ. रंग पळत नाही म्हणून फास्ट! खात्री हवी तर पांढरं फडकं ओलं करून आतल्या शिवणीवर घासावं. प्रयोगशाळेत धुण्याला १ ते ५ अशी पट्टी, उन्हाला १ ते ८, आणि दोन्हीकडं १ म्हणजे अगदी कच्चा. म्हणून नुसतं ‘पाच नंबरी’ ऐकून पैसे काढू नयेत. पाच धुण्याला की उन्हाला, ते विचारावं.

‘फास्टली’ म्हणू नये. स्लोचं स्लोली होतं, मग फास्टनं काय घोडं मारलंय, ही तक्रार रास्त आहे, पण ‘ड्राइव्ह फास्ट’च. पळणारं ते फास्ट, थोडक्यात उरकणारं ते क्विक. म्हणून गाडी फास्ट, पण उभ्याउभ्या घेतलेला चहा क्विक. (‘फास्ट फूड’ मधेच येऊन सगळ्यावर पाणी फिरवतं, त्याला इलाज नाही.) घड्याळ ‘फाइव्ह मिनिट्स फास्ट’ म्हणजे पाच मिनिटं पुढं; काटे भराभर फिरत असतील असं नाही.

संकष्टीला गणपतीच्या देवळाबाहेर ‘टुडे आय ॲम फास्ट’ म्हणणारा स्वतःला वेगवान म्हणवून घेतो. ‘आय ॲम फास्टिंग’ म्हणावं. हा उपवासही त्याच कुळातला, नेम घट्ट धरण्याचा. तो सोडणं म्हणजे ब्रेकफास्ट. त्या दिवशीचा चंद्रोदयानंतर, मोदकासोबत.