‘माझ्या करातून पुढाऱ्यांचा प्रचार नको’ : मग आत्ता काय चाललंय?

नाशिकमधल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मजकूर सारखा पुढे ढकलला जातोय. निवडणूक प्रचाराला सरकारी निधी द्यावा ही मागणी म्हणजे करदात्याच्या खिशावर डल्ला, असं त्यात म्हटलंय. आज पक्षांना जनतेचा एक रुपयाही जात नाही; निधी सुरू झाला तर हजारो कोटी लागतील; अर्ज भरणारा कुणीही पैसे उचलेल; अमेरिकेतल्या राज्यांत हे कोर्टानं बंद पाडलं; आणि काळा पैसा तरीही राहणारच.

शेवटचं वाक्य खरं आहे. त्याकडे नंतर येतो.

‘एक रुपयाही नाही’ हे साफ चूक. अटी पाळणाऱ्या पक्षांचं उत्पन्न करमुक्त असतं. जुन्या करप्रणालीत देणगीदारालाही पूर्ण वजावट मिळते. सातपूरच्या एखाद्या उद्योजकानं पक्षाला दहा लाखांचा चेक दिला आणि तो तीस टक्क्यांच्या टप्प्यात असला, तर साधारण तीन लाखांचा कर सरकारनं सोडलेला असतो. कोणत्या पक्षासाठी, हे मात्र तो एकटा ठरवतो. शिवाय मान्यताप्राप्त पक्षांना आकाशवाणी-दूरदर्शनवर मोफत वेळ मिळतो तो वेगळाच.

आता हजारो कोटी. विधानसभेच्या उमेदवाराची खर्चमर्यादा २०२२ पासून ४० लाख रुपये आहे. २८८ मतदारसंघांत प्रत्येकी तीन उमेदवारांना ती पूर्ण रक्कम दिली, तरी होतात साधारण ३४६ कोटी. राज्यात मतदार साडेनऊ कोटींच्या वर. म्हणजे माणशी साधारण छत्तीस रुपये, तेही पाच वर्षांतून एकदा. नाशिक जिल्ह्याच्या १५ जागांचे १८ कोटी. माणशी छत्तीस रुपयांत गावात आज धड मिसळ येत नाही.

‘कुणीही उचलेल’ ही भीती रास्त आहे, पण तिच्यावर उपाय आहे. अमेरिकेतल्या मेन राज्यात मतदारांनी १९९६ मध्ये प्रचाराला सरकारी निधी देणारा कायदा मंजूर केला. तिथल्या प्रतिनिधीगृहाच्या उमेदवाराला आधी आपल्या मतदारसंघातल्या किमान ६० मतदारांकडून प्रत्येकी पाच डॉलर आणावे लागतात. ते पैसेही सरकारी निधीत जमा होतात. आकडा जसाच्या तसा इथे चालणार नाही. मेनची लोकसंख्या जेमतेम नाशिक शहराएवढी, आणि तिथे आमदार १५१! आपल्या जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेत ६१ लाख लोक होते, म्हणजे एका आमदारामागे चार लाख. इथे दोन-तीन हजार मतदारांकडून वीस-वीस रुपये, अशी काही अट लागेल. सुरगाण्याच्या पाड्यांवर खरंच काम केलेल्या कार्यकर्त्याला ते जमेल. ऐन वेळी उगवलेल्या ‘भावी आमदारा’ला अवघड जाईल. १९९८ च्या इंद्रजित गुप्ता समितीनं फक्त मान्यताप्राप्त पक्षांना, तेही वस्तुरूपात मदत सुचवली होती. अपक्षांना त्यात जागाच नव्हती. मला ते पटत नाही.

कोर्टाचं म्हणाल तर अर्धीच गोष्ट सांगितलीय. २०११ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं ॲरिझोनाच्या कायद्यातलं एकच कलम रद्द केलं: खासगी पैशावर लढणारा प्रतिस्पर्धी जास्त खर्च करू लागला की सरकारी निधीवाल्याला जादा रक्कम देणारं. मूळ निधी राहिला.

राहिला काळा पैसा. ४० लाखांची मर्यादा उमेदवाराला आहे, पक्षाला नाही. स्टार प्रचारकाचा हेलिकॉप्टर प्रवास त्या उमेदवाराच्या हिशेबात धरला जात नाही. शेवटच्या रात्रीची पाकिटं तर कुठल्याच वहीत नसतात. म्हणूनच विधी आयोगानं १९९९ मध्ये पूर्ण सरकारी निधी इष्ट म्हटला, पण पक्षांना इतर पैसा घ्यायला बंदी असेल तरच. फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निवडणूक रोखे रद्द केले, तरी पक्षाच्या खर्चाला मर्यादा आलेली नाही. ती आधी घाला, मग निधी द्या, असं त्या मजकुरात लिहिलं असतं तर मीही तो पुढे पाठवला असता.