‘न्यूज’ म्हणजे चार दिशा नव्हेत

‘तुम्ही रोज वापरता ते इंग्रजी शब्द खरे तर फुल फॉर्म आहेत’ अशी एक यादी व्हॉट्सअ‍ॅपवर वर्षानुवर्षं फिरते आहे. न्यूज म्हणजे नॉर्थ, ईस्ट, वेस्ट, साउथ. गोल्फ म्हणजे ‘जंटलमेन ओन्ली, लेडीज फॉरबिडन’. पॉश म्हणजे ‘पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम’. टिप म्हणजे ‘टू इन्शुअर प्रॉम्प्टनेस’, कॉप म्हणजे ‘कॉन्स्टेबल ऑन पेट्रोल’ आणि ओके म्हणजे ‘झिरो किल्ड’. परवा ही यादी माझ्या नववीच्या वर्गातल्या एका मुलीच्या वहीत सापडली, लाल पेनाने चौकट आखून उतरवलेली. घरच्या ग्रुपवर आली म्हणून तिने ती पाठही केली होती. यातला एकही अर्थ खरा नाही, आणि मुलं तो ज्ञान म्हणून साठवताहेत, याचं मला वाईट वाटतं.

आधी एक साधी कसोटी सांगते. आद्याक्षरं जोडून शब्द बनवायची सवय इंग्रजीत फोफावली ती विसाव्या शतकात, मुख्यतः महायुद्धांच्या काळात, लष्करातून आणि सरकारी खात्यांतून. रडार हा शब्द 1940 च्या सुमाराचा, लेझर त्यानंतरचा. त्याआधी असे शब्द फारच विरळा. त्यामुळे चारपाचशे वर्षं जुन्या शब्दाचा कुणी फुल फॉर्म सांगितला, तर तिथेच थांबून विचारावं.

न्यूज तसाच जुना आहे. ‘न्यू’ म्हणजे नवीन, त्याचं अनेकवचन न्यूज, म्हणजे नव्या गोष्टी. फ्रेंचमध्येही बातम्यांना ‘नव्या’ याच अर्थाचा शब्द आहे. आपणही कुणी भेटलं की ‘काय नवीन?’ असं विचारतो. शिवाय इंग्रज माणूस दिशा मोजताना नॉर्थ, साउथ, ईस्ट, वेस्ट अशा क्रमाने मोजतो. यादीतला क्रम केवळ स्पेलिंग जुळावं म्हणून लावलेला आहे.

गोल्फच्या बाबतीत मात्र नुसतं ‘चूक’ म्हणून पुढे जाववत नाही. 1457 साली स्कॉटलंडच्या संसदेने गोल्फ आणि फुटबॉल या दोन्ही खेळांवर बंदी घातली. कारण काय, तर लोक खेळात रमून धनुर्विद्येचा सराव टाळत होते. म्हणजे खेळाचं नाव तेव्हाच रूढ होतं. ‘सोटा’ किंवा ‘दांडा’ अशा अर्थाच्या एका डच शब्दाशी त्याचं नातं असावं, असं बहुतेक अभ्यासक मानतात. बायकांना मनाई म्हणावी, तर स्कॉटलंडची राणी मेरी हिच्यावर आरोप झाला तो 1567 मध्ये नवऱ्याच्या खुनानंतर काही दिवसांतच ती गोल्फ खेळली असा. सेंट अँड्र्यूजला 1867 मध्ये बायकांचा स्वतंत्र गोल्फ क्लबही निघाला. भेदभाव नव्हता असं मी मुळीच म्हणत नाही. त्याच गावच्या रॉयल अँड एन्शंट क्लबने बायकांना सभासद करून घ्यायचा निर्णय घेतला तो थेट 2014 मध्ये. पण तो भेदभाव क्लब चालवणाऱ्या माणसांनी केला, शब्दाने नाही. ‘नावातच तसं आहे’ म्हटलं की ती माणसं सुटतात, आणि खेळलेल्या बायका पुसल्या जातात.

पॉशची गोष्ट आपल्या किनाऱ्यापर्यंत येते, म्हणून ती इथे जास्तच आवडते. विलायतेहून मुंबईला येताना बोटीची डावी बाजू, म्हणजे पोर्ट, सावलीची; परतताना उजवी, म्हणजे स्टारबोर्ड. श्रीमंतांच्या तिकिटांवर म्हणे ही चार अक्षरं छापलेली असत. असं एकही तिकीट आजवर मिळालेलं नाही. ही कहाणी छापील स्वरूपात दिसू लागते ती 1930 च्या दशकात, आणि शब्द त्याआधीच लंडनच्या बोलीत होता. एकोणिसाव्या शतकात ‘पॉश’ म्हणजे चिल्लर नाणं, पैसा. पुढे छानछोकी करणारा माणूस. नाण्याच्या अर्थाचा पॉश रोमानी भाषेतून, म्हणजे भारतातून निघून युरोपभर पसरलेल्या रोमा लोकांच्या भाषेतून आला असं मानतात. तिथे त्याचा अर्थ ‘अर्धा’, आणि रोमानी शब्दाचं मूळ संस्कृत ‘पार्श्व’. आपण ‘माझ्यापाशी’ म्हणतो ना, त्यातलं ‘पाशी’सुद्धा त्याच पार्श्वापासून आलेलं आहे. आजचा डौलदार अर्थ तिथूनच आला की नाही, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. पण बोटीच्या कहाणीपेक्षा हा धागा कितीतरी भक्कम आहे.

टिप सतराव्या शतकातल्या चोरांच्या बोलीत होतं, ‘दे’, ‘हातात सरकव’ अशा अर्थाचं क्रियापद म्हणून. कॉपही क्रियापदच, म्हणजे पकडणे. पकडणारा तो कॉपर, आणि त्याचं आखूड रूप कॉप.

राहिला ओके. यादीतला हा एकच शब्द खरोखर आद्याक्षरांचा आहे, आणि नेमका त्याचाच फुल फॉर्म यादीत चुकला आहे. 1830 च्या दशकात बॉस्टनच्या वर्तमानपत्रांत मुद्दाम चुकीचं स्पेलिंग करून त्याची आद्याक्षरं छापायची टूम निघाली होती. ‘ऑल करेक्ट’ लिहिताना ए च्या जागी ओ आणि सी च्या जागी के घालत. 23 मार्च 1839 च्या बॉस्टन मॉर्निंग पोस्टमध्ये ओके आहे. ‘झिरो किल्ड’ची कथा बहुधा अमेरिकेच्या यादवी युद्धाशी जोडतात, ते युद्ध सुरू झालं 1861 मध्ये. बॉस्टनच्या त्या ओकेनंतर पुढच्याच वर्षी, 1840 च्या निवडणुकीत, किंडरहूक गावचे अमेरिकेचे अध्यक्ष मार्टिन व्हॅन ब्युरेन यांच्या समर्थकांनी ‘ओल्ड किंडरहूक’ म्हणून तीच अक्षरं मिरवली. ते हरले, शब्द मात्र टिकला. अ‍ॅलन वॉकर रीड या अभ्यासकाने 1960 च्या दशकात जुनी वर्तमानपत्रं धुंडाळून हे सगळं उजेडात आणलं.

त्या मुलीला मी चौकट खोडायला लावली नाही. तिच्याखाली आणखी एक शब्द लिहून दिला: पॅल, म्हणजे इंग्रजी बोलीतला दोस्त. हाही रोमानीच. तिथे त्याचा अर्थ भाऊ, आणि मूळ संस्कृत ‘भ्रातृ’. मराठीतला ‘भाऊ’ त्याच घरातला. हजारेक वर्षांपूर्वी भारतातून निघालेल्या लोकांच्या तोंडून तो युरोपभर भटकत लंडनच्या गल्ल्यांत पोहोचला. ‘मग बाई, पॅल आणि भाऊ सख्खे?’ तिने विचारलं. ‘चुलत,’ मी म्हटलं. त्या संध्याकाळी तिने ते घरच्या ग्रुपवर टाकलं.