व्हॉल्व्हवरची केळी

गिटारचा आवाज मोठा करणारा ॲम्प मला व्हॉल्व्हचाच, म्हणजे तापणाऱ्या काचेच्या नळ्यांवर चालणाराच, हवा होता. वीस वर्षं गिटार बडवतोय, ट्रान्झिस्टरच्या डब्यावर किती दिवस काढायचे? बाजाराच्या शुक्रवारी म्हापशाला स्कूटर लावायला जागा शोधण्यातच डोकं तापलेलं. दुकानदाराने एक व्हॉल्व्हचा, एक ट्रान्झिस्टरचा असे दोन ॲम्प चालू करून दिले आणि फोन आला म्हणून बाहेर गेला.

आत एक काका होते. भजनी सप्ताहासाठी माईकची वायर न्यायला आलेले, हातात मयडे गावच्या केळ्यांची फणी. त्यांनी व्हॉल्व्हच्या ॲम्पवर तळहात टेकवून पाहिला आणि फणी त्यावरच ठेवली.

"काका, तो तापतो."

"म्हणूनच ठेवली. एकादशीपर्यंत पिकायला हवी ना रे!"

मी समजावू लागलो. आवाज वाढवत नेला की ट्रान्झिस्टर एकदम फाटतो. व्हॉल्व्ह हळूहळू, गोडीने फाटतो.

"फाटतो म्हणजे बिघडतो?"

"नाही, तेच तर हवं असतं."

काकांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. "आमच्याकडे व्हॉल्व्हचा रेडिओ होता. बटण फिरवायचं, चहा टाकायचा. चहा उकळला की बातम्या."

शेवटी डोळे मिटून मी एक सूर ताणला. "ऐका! ही ऊब ट्रान्झिस्टरमध्ये मिळते?"

काका वाकले. सप्ताहात माईक सांभाळणारा माणूस; जमिनीवरच्या वायरीचा माग बोटाने काढत गेले. "मरे, तुझी वायर त्या दुसऱ्या डब्यात आहे."

दुकानदार नेमका तेव्हाच आत आला. हसायची काही गरज होती?

ब्लूज गिटारवादक बी. बी. किंगसुद्धा लॅब सिरीज नावाच्या ट्रान्झिस्टर ॲम्पवर वाजवायचे, हे मलाही ठाऊक आहे. पण ऐन वेळी आठवेल तर शपथ. आणि व्हॉल्व्ह घेऊन तरी काय? झिजले की बाहेरून मागवा, मग नव्यांचा बायस, म्हणजे त्यांतला करंट, जुळवून देणारा शोधा. स्वतः उघडावा, तर प्लग काढल्यावरही वीज साठवणाऱ्या कपॅसिटरमध्ये शेकडो व्होल्ट दबा धरून बसलेले असू शकतात. पंधरा वॅटचा ॲम्पसुद्धा आवाज वाढवून रंगात येईपर्यंत शेजारी दारात. त्यात पावसाळ्यात आमच्या फोंड्याचे दिवे घटकेत मोठे, घटकेत बारीक. व्हॉल्व्हचाच घे म्हणून सल्ला देणाऱ्यांच्या घरी वीज जात नसावी.

ट्रान्झिस्टरचाच घेतला. निघताना काकांनी फणीतलं एक केळं तोडून दिलं.

कच्चं होतं.