पुन्हा आला नाही म्हणजे आवडलं नाही?

‘समाधानी पर्यटक परत येतो, म्हणून परत येण्याची इच्छा हेच निष्ठेचं माप,’ हे वारसास्थळांवरच्या पर्यटकांना प्रश्नावली देऊन लिहिलेल्या लेखातलं विधान पटलं नाही. हॉटेलला ते लागू पडेल, वारसास्थळाला कसं पडणार? माचू पिचू पाहून भारावलेला माणूसही पुढच्या सुट्टीत नवीन जागा शोधतो. मला मनापासून आवडलेल्या बहुतेक स्थळांवर मी परत गेलेलो नाही, पण ‘एकदा जाऊन याच’ म्हणून किती जणांच्या मागे लागलो असेन! ही निष्ठा नाही तर काय? शिवाय स्थळाच्या दारातच ‘परत याल का?’ विचारलं की भिडेखातर सगळे हो म्हणतात.

‘स्थळ जितकं अस्सल वाटेल, तितका पर्यटक समाधानी’ हा अस्सलपणाचा मुद्दाही फार सरळ मांडलाय. फ्रान्समधली आदिमानवाच्या भित्तिचित्रांची लास्कोची मूळ गुहा १९६३ साली लोकांसाठी बंद झाली, कारण प्रेक्षकांच्या श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडने चित्रं खराब होऊ लागली होती. १९८३ पासून लोक प्रतिकृती पाहायला जातात, ती प्रतिकृती आहे हे माहीत असूनही. म्हणजे पर्यटकाला फसवणूक खुपते, नक्कल नव्हे. लेखातल्या प्रश्नावलीत हा फरकच नाही.