सळई एकच होती, तिच्या दोन केल्या

१५ सप्टेंबरला, अभियंता दिनाला, सकाळी सहापासून व्हॉट्सॲपवर विश्वेश्वरय्यांचा पगडीतला फोटो येऊन पडतो. पाठोपाठ चिनाबचा पूल, बुर्ज खलिफा, अटल सेतू आणि हात जोडलेले इमोजी. माझी तक्रार नाही, मीही दोन ग्रुपवर फॉरवर्ड केला. पण यंदा त्या फोटोंच्या गर्दीत मला सारखा एक नट आठवत होता. सव्वा इंची सळईवरचा, अमेरिकेतल्या एका हॉटेलातला.

आधी माझा धंदा सांगतो. एकोणीस वर्षं मी स्टील डिटेलिंगमध्ये आहे. हे नेमकं काय असतं ते आमच्या घरीही अजून कळलेलं नाही. आईच्या लेखी मी ‘कंप्युटरवर नकाशे काढतो’. अमेरिकेत इमारत उभी राहायची असते, तिथला डिझाइन इंजिनिअर मुख्य ड्रॉइंग देतो. त्यावरून प्रत्येक तुळईची लांबी, प्रत्येक भोक, प्रत्येक बोल्ट दाखवणारी शॉप ड्रॉइंग लागतात, ती पुण्यात आमच्यासारखे लोक काढतात. ती इंजिनिअरकडे जातात, त्याचा शिक्का बसतो आणि मग कारखान्यात लोखंड कापलं जातं. आमचं नाव कुठल्याही कोनशिलेवर येत नाही. आलेलं परवडणारही नाही.

तर कॅन्सस सिटी, मिसुरी. हयात रीजन्सी हॉटेल, उद्घाटन १९८० चं. आत अनेक मजले उंचीचं मोकळं दालन आणि त्यात हवेत लटकलेले तीन पादचारी पूल, दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या मजल्यावर. चौथ्याचा पूल बरोबर दुसऱ्याच्या डोक्यावर होता, तिसऱ्याचा बाजूला, स्वतंत्र. १७ जुलै १९८१, शुक्रवार. संध्याकाळी खाली नाचाचा कार्यक्रम, दालनात दीडेक हजार माणसं, काही जण पुलांवर उभे राहून बघतायत. सात वाजून गेल्यावर चौथ्या मजल्याचा पूल सुटला, दुसऱ्यावर पडला आणि दोन्ही मिळून खालच्या गर्दीवर. ११४ माणसं गेली, दोनशेच्या वर जखमी. पाण्याचे पाइप फुटले, दालनात पाणी चढायला लागलं. ढिगाऱ्याखाली अडकलेली माणसं बुडतील म्हणून पाणी बाहेर जायला हॉटेलचे पुढचे दरवाजे यंत्राने उखडावे लागले. सुटकेचं काम रात्रभर चाललं होतं.

आता नटाकडे येतो. मूळ ड्रॉइंगमध्ये छतापासून एकच लांब सळई खाली येत होती. ती चौथ्या मजल्याच्या तुळईतून आरपार जाऊन दुसऱ्या मजल्याच्या तुळईपर्यंत पोचायची. प्रत्येक पुलाखाली त्याच सळईवर आपापला नट. कागदावर छान दिसतं. पण चौथ्या मजल्याचा नट सळईच्या मधोमध चढवायचा कसा? खालच्या टोकापासून तिथपर्यंत पूर्ण लांबी आटे पाडायचे, तो नट फिरवत फिरवत वर न्यायचा आणि उभारणीत कुठे आपटून आटे मेले की संपलं. कारखान्याने सुचवलं, एकीऐवजी दोन सळया करू. एक छतापासून चौथ्या मजल्यापर्यंत, दुसरी चौथ्या मजल्याच्या तुळईपासून खाली दुसऱ्यापर्यंत, पहिलीच्या शेजारी काही इंचांवर.

वाचताना वाटेल, यात काय फरक पडला? मी शाळेत दोरीचा मल्लखांब केलाय, मला तो तसाच समजतो. एकाच दोरीला दोन पोरं लोंबकळतायत, वरचा स्वतःच्या हातांनी, खालचा स्वतःच्या हातांनी. दोरीवर भार दोघांचा, पण प्रत्येकाच्या मुठीत फक्त स्वतःचं वजन. आता खालच्या पोराला सांगा, दोरी सोड आणि वरच्याचे पाय धर. दोरीला काहीच कळत नाही, तिच्यावर अजूनही दोघंच. वरच्या पोराच्या मुठीला मात्र दुप्पट कळतं.

त्या हॉटेलात वरच्या पोराची मूठ म्हणजे चौथ्या मजल्याच्या तुळईखालचा नट आणि वॉशर. तुळईही कशी, तर दोन चॅनेल, म्हणजे इंग्रजी ‘सी’ आकाराचे लोखंडी बार, तोंडाला तोंड लावून, कडांना वेल्ड मारून केलेली पेटी. सळईचं भोक नेमकं त्या वेल्डच्या रेषेवर. भार आला तसा नट पेटीचे ओठ फाकवत वर घुसला आणि सळई मोकळी झाली. सळई तुटली नव्हती. तपासणीनंतरच्या फोटोंत ती आट्यांसकट साबूत दिसते, वाकलेली, फाटलेली आहे ती तुळई.

ही गोष्ट सांगताना बहुतेक जण कारखान्याला शिव्या घालतात, आटे पाडायचा कंटाळा म्हणून. मला ते पटत नाही. दोन सळयांची मागणी रास्त होती, मीही तीच केली असती. शिवाय सरकारी तपासात निघालं की मूळची एकसळई रचनासुद्धा नियमाने लागणाऱ्या ताकदीच्या साठ टक्केच होती. म्हणजे बदल केला नसता तरी ती जोडणी नापासच. बदलाने ती नियमाच्या जेमतेम तीस टक्क्यांवर आली. बदल झाला हा गुन्हा नव्हे. बदल झाल्यावर त्या जोडणीचं गणित कोणीच मांडलं नाही. कारखान्याचं म्हणणं, आम्ही फोन करून विचारलं होतं. इंजिनिअरच्या बाजूचं म्हणणं, असा फोन आलाच नाही. शॉप ड्रॉइंगवर शिक्का मात्र बसलेला होता. त्यातून १९७९ मध्ये बांधकाम चालू असताना त्याच दालनाच्या छताचा मोठा भाग कोसळला होता, तोही जोडणी सुटूनच. तेव्हा तरी सगळ्या जोडण्या नव्याने तपासायला हव्या होत्या की नाही?

पुढे त्या हॉटेलचे डिझाइन इंजिनिअर जॅक गिलम आणि त्यांचे प्रकल्प अभियंता यांचे मिसुरीतले परवाने गेले. गिलम नंतर कित्येक वर्षं इंजिनिअरांच्या सभांमधून आपल्याच चुकीवर बोलत राहिले, त्याबद्दल मला आदर आहे. पण आमच्या लाइनीत त्या निकालाचा सोयीचा अर्थ लावला गेला: शिक्का त्यांचा, पाप त्यांचं, आपण दिलं तसं काढावं. माझं सगळं भांडण या वाक्याशी आहे. ज्याच्या हाताखालून ती जोडणी रेष न् रेष काढून जाते त्याला शंका येत नसेल, तर पाचशे ड्रॉइंगांचा गठ्ठा उलटणाऱ्याला कुठून येणार?

न्यूयॉर्कच्या सिटीकॉर्प इमारतीचं उदाहरण यावर हटकून दिलं जातं. ५९ मजले, १९७७ मध्ये पूर्ण. वाऱ्याला तोंड देणाऱ्या तिरक्या सांगाड्याचे सांधे वेल्डऐवजी बोल्टचे केले, स्वस्त म्हणून. विल्यम लमेझ्युरिए या डिझाइन इंजिनिअरला ते उशिरा समजलं, गणित पुन्हा मांडलं तर तिरप्या वाऱ्यात इमारत धोक्यात होती. १९७८ मध्ये रात्री रात्री वेल्डिंग करून सांध्यांवर जाड पट्ट्या चढवल्या. त्यांनी चूक स्वतः पुढे येऊन सांगितली, मोठेपणाच. पण शेजारपाजारच्या लोकांना त्याचा पत्ता १९९५ पर्यंत नव्हता, हे कौतुक करताना सगळे गिळतात. वर्तमानपत्रांचा संप होता तेव्हा, तो पथ्यावर पडला. असो.

गेल्या महिन्यातली गोष्ट. एका कॅनॉपीच्या, म्हणजे पुढे आलेल्या छपराच्या, कामात क्लायंटकडून मेल आला, एक जोड आठ इंच सरकवा, किरकोळ बदल आहे. दुसऱ्या दिवशी सबमिशन. आमच्याकडे सहा महिन्यांपूर्वी लागलेली मुलगी संध्याकाळी साडेसातला टेबलाशी येऊन उभी राहिली. हँगर म्हणजे वरून भार लटकवणारी सळई. ‘सर, जोड सरकवला तर हँगर आता जोडाच्या कोणत्या बाजूला येतो? भार तिथून जातोय ना?’ मी म्हटलं, अगं, क्लायंटनेच सांगितलंय, कर आणि घरी जा. ती ‘हो सर’ म्हणून गेली. मी पाण्याची बाटली उघडली आणि मला तो नट आठवला. परत बोलावून तिलाच प्रश्न लिहायला लावला, स्केचसकट. इंजिनिअरकडे पाठवला आणि ते शीट सबमिशनमधून काढून ठेवलं.

उत्तर चार दिवसांनी आलं. जोड सरकवायला हरकत नाही, ताकद भरपूर आहे. म्हणजे प्रश्न फुकट गेला. तारीख चुकली, क्लायंटने त्यावर दोन ओळी सुनावल्या. त्या ओळी मी तिला फॉरवर्ड केल्या नाहीत. इंजिनिअरचं उत्तर तेवढं केलं.