ठिपके नंतर, आधी खडूचे तुकडे

‘तिसऱ्या वर्षापासून रोज एक पान ठिपके जोडून घ्या’ हा मुलांना लिहायला शिकवण्यावरच्या लेखातला सल्ला काही पटला नाही. मी बालवाडीत शिकवते. तीन वर्षांचं मूल पेन्सिल मुठीत धरतं आणि खांद्यापासून अख्खा हात हलवून रेघ ओढतं. त्या वयात ते तसंच असायचं. तीन बोटांची पकड साधारण चार ते सहाच्या दरम्यान बसते. तोवर पानंच्या पानं गिरवून घेतली की मूल अंगठा आत दुमडून, कागद फाटेस्तोवर दाबून लिहायला लागतं. ती सवय मग पहिलीतही सुटता सुटत नाही.

त्यापेक्षा खडूचे बोटाच्या पेराएवढे तुकडे करून द्या. एवढासा तुकडा मुठीत मावतच नाही, चिमटीतच धरावा लागतो. फळा मुलाच्या डोळ्यांच्या उंचीला, उभा लावा. मनगट आपोआप मागे वळतं. घरात मटार सोलणं, कणकेच्या गोळ्या वळणं आहेच. पालघर जिल्ह्यातल्या कोसबाडला बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनीही परिसरातल्याच वस्तू शिकवायला वापरल्या होत्या. आणि पकड नीट बसावी म्हणून पेन्सिलीवर चढवतात ती रबरी ग्रिप? आमच्याकडची मुलं ती काढून चावत बसतात.